रायफलची नळी कापून आखूड करता येईल का?

या वेळचे पत्र निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराचे आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून आणि थोडे संक्षिप्त करून ते देत आहे.

"ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या वडिलांची .३१५ बोअरची रायफल होती. ते हयात असतानाच वयोमानामुळे त्यांनी ती रीतसर माझ्या नावावर करून दिली. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा असून चालू आहे. आमच्याकडे उसात बिबट्याचा वावर वाढला आहे, त्यामुळे रात्री बागेत पाण्याची पाळी असली की रायफल सोबत असावी असे वाटते. पण नळी लांब असल्याने जीपमध्ये आणि बागेच्या ओळींमध्ये ती अडते. शिवाय नळीच्या तोंडाशी इंचभर गंज चढला आहे. अंबड एमआयडीसीतला माझ्या ओळखीचा टर्नर म्हणतो की लेथवर सहा इंच नळी अर्ध्या तासात कापून देतो. पुतण्याने एक व्हिडिओ दाखवला. त्यात सोळा इंचांपेक्षा जास्त नळी शिल्लक राहिली तर कोणतीही परवानगी लागत नाही असे सांगितले आहे. माझी नळी कापूनही सोळा इंचांच्या वरच राहील. तर हे काम करून घेतल्यावर पोलीस ठाण्यात नुसते कळवले तर चालेल का?

दुसरी गोष्ट. माझे सासरे गेल्या वर्षी वारले. त्यांची बारा बोअरची बंदूक सासूबाईंनी माझ्याकडे ठेवायला दिली आहे, कारण त्यांच्या घरी आता कोणी पुरुषमाणूस नाही. तिची नळी सासऱ्यांनीच फार पूर्वी कापून घेतली होती. मी मोजली तर एकोणीस इंचही भरत नाही. ती माझ्या कपाटात बंद आहे, मी तिला हात लावत नाही. तिचे काय करावे?"

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते मी कोणताही आडपडदा न ठेवता आधीच सांगते, कारण पत्रातील 'अर्ध्या तासात' या शब्दांवरून काम हातघाईवर आल्यासारखे वाटते. नळी कापू नका. सहा इंच नको आणि एक इंचही नको. कापून झाल्यावर पोलीस ठाण्यात कळवण्याने तो प्रकार नियमित होत नाही. उलट आपण स्वतःच्या सहीने एका गंभीर गुन्ह्याची कबुली पोलिसांच्या हाती दिलेली असेल.

आपल्या देशात हा विषय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ मध्ये येतो. त्या कलमाचा आशय असा की, या कामासाठी स्वतंत्रपणे दिलेला परवाना असल्याशिवाय कोणत्याही व्यक्तीने अग्निशस्त्राची नळी आखूड करू नये, नकली शस्त्राचे खऱ्या शस्त्रात रूपांतर करू नये, किंवा शस्त्र नियम, २०१६ मध्ये सांगितलेल्या एका वर्गातील शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलू नये. यातील शेवटचा भाग २०१९ च्या दुरुस्तीने आला. नळी आखूड करण्याची मनाई मात्र पहिल्यापासूनच आहे. या कलमात इंचांचा आकडाच नाही. किती लांबीपर्यंत कापले तर चालते, असे कायदा कोठेही सांगत नाही. परवान्याशिवाय कापण्याची कृती हाच गुन्हा आहे आणि नळी किती उरली हा प्रश्न त्या गुन्ह्यापुरता उद्भवतच नाही. 'सोळा इंचांच्या वर' ही आपली खात्री म्हणूनच आपल्या उपयोगाची नाही.

आपल्या मनात असे येईल की, माझ्याकडे तर परवाना आहे. तो आहे, पण शस्त्र मिळवण्याचा, बाळगण्याचा आणि सोबत नेण्याचा आहे. कलम ६ मध्ये अपेक्षित असलेला परवाना निराळा असतो. ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना असलेल्या माणसाला ट्रॅक्टरच्या चासीवरचा क्रमांक बदलण्याचा अधिकार मिळत नाही, तसेच हे आहे. शस्त्रांची दुरुस्ती, रूपांतर, चाचणी या कामांसाठीही कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो आणि तो त्या धंद्यातील परवानाधारक कारागिरांकडे आणि विक्रेत्यांकडेच असतो. अंबडचा आपला टर्नर कितीही कुशल असला तरी रायफलला लेथवर लावण्याचा अधिकार त्याला नाही.

आता शिक्षेबद्दल. २०१९ पूर्वी कलम ६ च्या भंगाला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास होता. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कलम २५ (१) खाली हीच शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप, शिवाय दंड, अशी झाली आहे. बेकायदेशीर शस्त्रनिर्मिती आणि विक्री ज्या पोटकलमात आहे त्याच पोटकलमात नळी आखूड करणेही आहे, म्हणजे गावठी कट्टे बनवणारा आणि सोयीसाठी स्वतःच्या रायफलची नळी कापून घेणारा शेतकरी हे दोघेही एकाच शिक्षेच्या चौकटीत उभे राहतात. न्यायालय शिक्षा ठरवताना हेतूचा विचार करील हे खरे, पण किमान मर्यादा कायद्यानेच घातलेली असताना तो विचार किती खाली येऊ शकेल याला सीमा आहे. शस्त्र अधिनियमाखालील प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे आणि एवढ्या शिक्षेचा गुन्हा अजामीनपात्र ठरून सत्र न्यायालयात चालतो. आयुष्यभर कोर्टाची पायरी न चढलेल्या बागायतदाराला ऐन छाटणीच्या दिवसांत मध्यवर्ती कारागृहात बसून जामिनाची वाट पाहावी लागणे, हे या 'अर्ध्या तासाच्या' कामाचे खरे मोल आहे, आणि ते आपल्या लक्षात यावे म्हणून मी हे इतक्या स्पष्टपणे लिहीत आहे.

त्या टर्नरचाही विचार करा. पत्रात त्याचा उल्लेख ओघाने आला आहे, पण प्रत्यक्ष कापणारा तोच असल्यामुळे कलम ६ चा भंग सर्वांत आधी त्याच्या हातून होईल, कलम ५ चाही होईल, आणि त्याला ते काम सांगणारे म्हणून भारतीय न्याय संहितेतील अपप्रेरणेच्या किंवा समान उद्देशाच्या तरतुदींखाली आपण त्याच्या शेजारी आरोपी असाल. त्याची लेथ पुरावा म्हणून जप्त होऊ शकते. ज्याने ओळखीखातर मदत करू म्हटले त्या माणसाला आपण नकळत सात वर्षांच्या शिक्षेच्या दारात नेऊन उभे करत आहात. त्याला आजच फोन करून हे काम रद्द झाले असे सांगा, आणि का रद्द झाले तेही सांगा, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाचे असे काम तो हाती घेणार नाही.

सोळा इंचांचा आकडा कोठून आला तेही सांगते, कारण पुतण्याने दाखवलेला व्हिडिओ बहुधा खोटा नाही, तो फक्त आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत १९३४ साली नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट हा संघराज्याचा कायदा झाला. टोळीयुद्धांत कोटाखाली लपवता येणारी आखूड शस्त्रे वापरली जात होती, त्या पार्श्वभूमीवर तो आला. सोळा इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफली आणि अठरा इंचांपेक्षा आखूड नळीच्या शॉटगन यांची त्या कायद्याप्रमाणे आधी नोंदणी करून मान्यता घ्यावी लागते. रायफलसाठीही पूर्वी अठरा इंचांचीच मर्यादा होती, ती १९६० मध्ये सोळावर आणली गेली. तेथे त्या मर्यादेच्या वर राहून नळी कापणे संघराज्याच्या कायद्यात गुन्हा नाही, आणि व्हिडिओत नेमके तेच सांगितले असणार. पण मर्यादेच्या खाली विनापरवानगी गेल्यास तेथेही दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याने शॉटगनची नळी चोवीस इंचांपेक्षा आखूड करण्यास मनाई केली आहे. प्रत्येक देशाने आपली रेषा आपल्या अनुभवातून आखली. आपल्या संसदेने कोणतीही लांबी मोकळी न सोडता संपूर्ण कृतीच परवान्याखाली आणली. इंटरनेटवर शस्त्रांविषयी जे काही पाहायला मिळते त्यातील बहुतेक अमेरिकेतील असते, आणि आपल्याकडील तरुण मुले ते जागतिक नियम असल्यासारखे ऐकतात, याची मला खरोखर काळजी वाटते. पुतण्याला हा परिच्छेद आवर्जून वाचायला द्या.

आपल्याकडे लांबीचा एक आकडा आहे, पण तो वेगळ्या कामासाठी आहे आणि त्यावरूनही गैरसमज होतो. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग दिले आहेत. त्यात वीस इंचांपेक्षा आखूड नळीच्या, आतून गुळगुळीत असलेल्या बंदुका वरच्या, अधिक निर्बंध असलेल्या वर्गात घातल्या आहेत. त्या वर्गातील शस्त्राचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसतो. नेहमीची बारा बोअरची बंदूक मात्र खालच्या वर्गात येते आणि तिचा परवाना जिल्ह्यातच मिळतो. यावरून 'एकवीस इंच ठेवून कापली तर चालते' असा अर्थ काही जण काढतात. तो चुकीचा आहे. एकवीस इंच ठेवून कापणाऱ्याने कलम ६ मोडलेच, फक्त त्याची बंदूक वरच्या वर्गात गेली नाही. वीसच्या खाली कापणाऱ्याने कलम ६ दोन प्रकारे मोडले, कारण नळीही आखूड झाली आणि शस्त्राचा वर्गही बदलला.

आता रायफलकडे वळू. नळी का कापू नये याची कायद्याबाहेरचीही कारणे आहेत आणि ती आपल्या जिवाशी निगडित आहेत. रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, ते गोळीला फिरकी देतात. गोळी नळीतून बाहेर पडते त्या क्षणी तिच्या मागचा वायू सर्व बाजूंनी सारखा सुटला पाहिजे, म्हणून नळीच्या तोंडाची कड नळीच्या अक्षाशी अचूक काटकोनात आणि कोठेही बुरी न राहता घडवलेली असते. कारखान्यात हे काम खास हत्यारांनी होते. साध्या लेथवर कापलेल्या तोंडाला केसभर तिरपेपणा राहिला तरी गोळी एका बाजूला ओढली जाते. पुढची माशी, म्हणजे नेम धरण्याचा छोटा उंचवटा, नळीच्या टोकाजवळ बसवलेली असल्याने सहा इंच कापल्यावर ती निघूनच जाते. ती मागे कोठेतरी पुन्हा बसवली तरी माशी आणि मागच्या खाचेतील अंतर कमी होऊन नेमातील चूक वाढते. .३१५ ची दारू लांब नळीसाठी बेतलेली असते. नळी आखूड झाली की दारूचा काही भाग बाहेर हवेत जळतो, ज्वाला आणि आवाज वाढतो आणि गोळीचा वेग उतरतो. अंधारात, बागेच्या ओळीत, जवळच माणसे पाणी भरत असताना नेम बिघडलेली रायफल चालवणे म्हणजे काय, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

नळीच्या तोंडाशी चढलेल्या गंजाची तक्रार मात्र खरी आहे आणि तिच्यावर कायदेशीर उपाय आहे. दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे किंवा कारागिराकडे रायफल न्या. नेताना परवाना जवळ ठेवा, काडतुसे भरू नका, आणि दुकानात दिल्यावर तारीख, शस्त्राचा क्रमांक आणि कामाचे स्वरूप लिहिलेली पावती घ्या. वरवरचा गंज सफाईने जातो. गंज आत आट्यांपर्यंत गेला असेल तर तोंडाची कड नव्याने घडवावी लागते आणि त्या कामात धातूचा थोडा भाग निघतो. एखादा मिलिमीटर धातू निघणे म्हणजे 'नळी आखूड करणे' ठरते का, यावर वाद घालता येईल. माझे मत असे आहे की तो वाद घालण्याची वेळच आपण आणू नये. कारागिराकडे अशा कामाचा परवाना आहे याची खात्री करून, काम लेखी नोंदवून आणि ते करण्याआधी परवाना शाखेला पत्र देऊन त्याची पोच घेऊन मगच पुढे जा. नळी वापराच्या पलीकडे गेली असेल तर ती रायफल सोडून देणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

सोडून देण्याची रीतही कायद्यात आहे. खाजगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र परवानाधारकाला दुसऱ्या पात्र व्यक्तीस विकता येते. त्यासाठी विक्रीचा हेतू आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. परवानाधारक विक्रेत्याकडेही शस्त्र देता येते. त्यानंतर कारखान्यातूनच आखूड नळीसह तयार झालेले, आपल्या परवान्याच्या वर्गात बसणारे शस्त्र घेण्यासाठी परवान्यात बदल करण्याचा अर्ज करावा. नाशिक शहराच्या हद्दीत परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत, पण आपण निफाडचे असल्याने आपला अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडेच जाईल. नूतनीकरणाच्या वेळी, तसेच निवडणुकीच्या काळात छाननी समितीने शस्त्र जमा करण्यास सांगितले तर तेव्हाही, शस्त्राचे वर्णन परवान्याशी ताडून पाहिले जाते. कापलेली नळी त्या टेबलावर लपत नाही.

बिबट्याविषयी थोडेच, पण स्पष्ट लिहिते. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसात बिबट्याची भीती किती खरी आहे हे मी जाणते आणि रात्री मोटर सुरू करायला जाणाऱ्या माणसाला कोणी भित्रा म्हणू नये. पण बिबट्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक, तीही कारणे नमूद करून, देऊ शकतात. प्राण्याने प्रत्यक्ष अंगावर झेप घेतली असता स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने केलेली कृती कायदा गुन्हा मानत नाही, परंतु 'दिसला म्हणून' झाडलेली गोळी त्यात येत नाही. शस्त्र परवान्याने हा कायदा बाजूला सरत नाही. वावर दिसताच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, पिंजऱ्यासाठी ग्रामपंचायतीमार्फत लेखी मागणी करा, आणि रात्री एकट्याने न जाता दोघे-तिघे, मोठ्या प्रकाशाचे दिवे घेऊन, बोलत जा.

आता सासऱ्यांच्या बंदुकीकडे येते. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील अधिक तातडीची गोष्ट हीच आहे. रायफलच्या बाबतीत आपण अजून काही केलेले नाही, बंदुकीच्या बाबतीत मात्र कायद्याचा भंग आज, या क्षणी, आपल्या कपाटात चालू आहे. आपला परवाना आपल्या रायफलपुरता आहे. त्यावर नोंद नसलेले दुसरे शस्त्र घरात ठेवणे हा कलम ३ चा भंग ठरतो आणि त्याला कलम २५ (१ब) खाली दोन ते पाच वर्षे कारावास व दंड आहे. 'मी तिला हात लावत नाही' हा बचाव होत नाही. गुनवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ताबा म्हणजे काय याचा विचार केला आहे. शस्त्र आपल्याकडे असल्याची जाणीव आणि त्यावरील नियंत्रण या दोन गोष्टी त्यात महत्त्वाच्या मानल्या आहेत. कपाटाची किल्ली आपल्याकडे आहे आणि आत काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे.

त्यातही नळी एकोणीस इंचांपेक्षा कमी असल्याने ती बंदूक वर सांगितलेल्या निर्बंधाच्या वर्गात जाते. मग तपासी अधिकारी प्रकरण प्रतिबंधित शस्त्रांविषयीच्या कलम ७ आणि त्याची शिक्षा सांगणाऱ्या कलम २५ (१अ) कडेही नेऊ शकतो. तेथील शिक्षा सात ते चौदा वर्षांची आहे. हे कलम लागू होते की नाही यावर आपल्या वकिलाला न्यायालयात बोलायला बरेच काही असेल, पण बोलण्याची पाळी न येणे अधिक बरे.

येथे एका गोष्टीचा दिलासा देता येतो. नळी कापली ती सासऱ्यांनी. कलम ६ कापणाऱ्याला लागू होते, आणि मृत व्यक्तीवर फौजदारी कारवाई चालत नाही. आपण किंवा सासूबाईंनी नळी कापली नसेल तर केवळ ती कापलेली आढळली म्हणून आपण त्या कलमाखाली दोषी ठरत नाही. मात्र हे कापकाम जुने आहे हे दिसून येण्यासाठी बंदूक आहे त्या स्थितीत राहिली पाहिजे. तिच्या तोंडाला कानस लावू नका, रंग देऊ नका, घासून चकचकीत करू नका. तिच्यावरील बनावटीचे नाव आणि क्रमांक यांना तर हातही लावू नका. कलम ८ प्रमाणे ती चिन्हे खोडणे किंवा बदलणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि चिन्हे खोडलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडते त्यानेच ती खोडली असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. क्रमांक मुळातच दिसत नसेल तर अर्जात तेही लिहा.

आणखी एक सांगणे आवश्यक आहे, कारण असा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. ती बंदूक विहिरीत, कालव्यात किंवा गोदावरीत टाकू नका. सासऱ्यांच्या परवान्याची नोंद कार्यालयात आहे. आज ना उद्या परवाना संपल्याची नोटीस त्यांच्या पत्त्यावर जाईल आणि शस्त्र कोठे आहे हा प्रश्न सासूबाईंना विचारला जाईल. तेव्हा 'माहीत नाही' म्हणणाऱ्या वृद्ध बाईंवर काय ओढवेल याची कल्पना करा. पुरावा नाहीसा करणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि गाळात सापडलेली बंदूक कोणाच्या हाती लागेल हे कोणी सांगू शकत नाही.

कायद्याने यासाठी मार्ग ठेवलेला आहे. कोणत्याही कारणाने शस्त्राचा ताबा कायदेशीर राहिला नाही तर अनावश्यक विलंब न करता ते जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम २१ सांगते. परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास हे काम वारसांनी करायचे असते. आपल्या प्रकरणात आखूड नळीचा प्रश्न असल्याने विक्रेत्याकडे न जाता पोलीस ठाण्याचाच मार्ग घ्यावा असे माझे मत आहे, आणि तोही वकिलाला सोबत घेऊन. आधी कागद द्यावा आणि मग बंदूक. बंदूक पिशवीत घालून मोटारसायकलवरून ठाण्यात नेऊ नका, कारण वाटेत नाकाबंदीत अडवले गेलात तर जमा करायला निघालो होतो हे सांगणे अवघड जाईल.

अर्ज सासूबाईंच्या नावाने आणि सहीने करावा, त्यात आपण दुसरे अर्जदार म्हणून सही करावी. मृत्यूचा दाखला, सासऱ्यांच्या मूळ परवान्याची प्रत आणि वारस म्हणून नातेसंबंध दाखवणारा कागद जोडावा. मजकूर साधा आणि खरा असावा: परवानाधारकाचा मृत्यू कधी झाला, त्यानंतर बंदूक कोठे होती, सुरक्षिततेसाठी ती जावयाकडे कधी व का दिली, तिची नळी परवानाधारकाच्या हयातीतच आखूड केलेली आहे, आम्ही तिच्यात कोणताही बदल केलेला नाही, आम्हाला ती कलम २१ प्रमाणे जमा करायची आहे, तरी ताब्यात घेण्याची व्यवस्था करावी. काडतुसे असतील तर त्यांची संख्याही लिहावी, ती विसरली जातात आणि नंतर त्यांचाच वेगळा त्रास होतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्यावी, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत द्यावी, आणि पोलिसांनी बंदूक ताब्यात घेताना पंचनामा व पावती झाल्याशिवाय ती हातची सोडू नये.

यानंतर गुन्हा दाखल होणारच नाही अशी हमी मला देता येणार नाही. मात्र कलम ३ च्या भंगासाठी खटला भरण्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी कलम ३९ प्रमाणे लागते. आपणहून पुढे येऊन शस्त्र जमा करणाऱ्या कुटुंबाचा लेखी अर्ज त्या मंजुरीच्या फाइलमध्ये सर्वांत वर असणे आणि छाप्यात बंदूक सापडणे, या दोन परिस्थितींत फार मोठे अंतर आहे. ही बंदूक वारसाहक्काने आपल्या नावावर होईल का, असे कदाचित आपण पुढे विचाराल. नियमांत वारसांना परवाना देण्याची तरतूद आहे आणि एका व्यक्तीला दोन शस्त्रांची मर्यादा आहे, त्यामुळे संख्येची अडचण नाही. पण नळी वीस इंचांच्या खाली असल्याने जिल्ह्याच्या पातळीवर ती मिळण्याची आशा मी आपल्याला दाखवणार नाही. तिच्यात सासूबाईंची भावना गुंतलेली असेल, तर जमा करण्यापूर्वी त्यांना हे शांतपणे, आपल्या पत्नीच्या उपस्थितीत समजावून सांगा.

हा अंक आपल्या हाती पडेल त्या आठवड्यातच वकिलांची भेट घ्या. जमा करण्यास झालेला विलंब का झाला हा प्रश्न ठाण्यात विचारला जाईलच. त्याचे उत्तर म्हणून दिवसकार्ये, कागदांची जुळवाजुळव आणि सासूबाईंचे एकटेपण ही खरी कारणे जशीच्या तशी सांगावीत.